गोधडीचं दुसरं टोक

नदीकाठच्या एका गावात सगुणा आणि तिचा धाकटा भाऊ लिंबा राहत होते. आईबाप नव्हते. घरात पणजीने शिवलेली एक गोधडी होती. ती विरली तेव्हा आजीने तिच्यावर आपलं लुगडं घालून टाके घातले. आजीचं विरलं तेव्हा आईने आपलं हिरवं लुगडं घातलं. जुना थर कोणी उसवून टाकला नाही. गोधडी दर पिढीला जड होत गेली.

मरताना आई म्हणाली होती, "दोघांनी एकेक टोक धरा. सोडू नका."

दरवर्षी घट बसण्याआधी दोघं ती नदीवर धूत. ओली गोधडी एकट्याला उचलत नाही, मग पिळणार कशी? एक टोक सगुणा धरी, दुसरं लिंबा. ती हसून म्हणे, "दे अजून एक पीळ, पैलवान!"

एका वर्षी नदीवर निघताना लिंबाचे मित्र दारात उभे होते. सगुणा थट्टेने म्हणाली, "हा पैलवान अजून आईच्या लुगड्यावर गाल ठेवून झोपतो बरं का!"

पोरं खिदळली. लिंबाच्या डोक्यात तिडीक गेली.

"तूच पीळ तुझी गोधडी!"

"असं करू नको रे. पाणी वाढलंय. मला एकटीला जड जाईल."

"जाऊ दे!" म्हणत तो तरातरा निघून गेला.

सगुणा एकटीच गेली. गोधडी भिजली आणि धारेला लागली. काठावरच्या बाया ओरडल्या, "सोड गं सगुणा, सोड!"

तिने सोडली नाही.

संध्याकाळी सगुणा आणि गोधडी, दोघी खालच्या वळणावर सापडल्या. टोक सगुणाच्या मुठीतच होतं.

तेराव्यानंतर शेजारची म्हातारी म्हणाली, "लिंबा, गेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवू नये. नदीत सोडून दे."

"आता नाही सोडणार, आजी."

त्याने गोधडी धुतली. कशीबशी ओढत आणली. एक टोक कडुनिंबाला बांधलं, दुसरं हातात धरून पिळलं. झाडाने टोक घट्ट धरलं. पाणी निथळलं. लिंबा थांबला. अजून एक पीळ दे, असं कोणी म्हणालं नाही.

आईने सांगितलं होतं दोघांना. ऐकलं एकटीनेच.

तात्पर्य: आपल्या माणसावर रुसावं, पण हातातलं टोक धरून रुसावं. सोडलेलं टोक पुन्हा धरता येतं, पण तेव्हा पलीकडे माणूस असेलच असं नाही.