शपथेच्या पुस्तकातला राजा

“समुद्रापलीकडच्या एकाही धन्याला मानायचं नाही! राजाला नाही आणि रोमच्या पोपलाही नाही! पुस्तकावर हात ठेवून तशी शपथ घे, नाहीतर तुझं घर सरकारजमा!” न्यायाधीश क्रॉवेल हनोरावर गरजले.

अमेरिकेनं इंग्लंडच्या राजाला हाकलून पाचच वर्षं झाली होती. राजा गेला, पण त्याचा तोरा मात्र कोल्डवेल गावात क्रॉवेलसाहेबांच्या खुर्चीत येऊन बसला होता. हनोरा आयर्लंडची, कॅथलिक, पुस्तकं बांधून पोट भरणारी विधवा. परक्या माणसाला इथे जमीन ठेवता येत नसे. नवऱ्यामागे उरलेलं दोन खोल्यांचं घर वाचवायचं, तर आज नागरिक व्हायलाच हवं होतं. आणि पोपला सोडायचं म्हणजे आईनं मरताना हातात दिलेली जपमाळ चुलीत घालायची! ते काही तिच्याच्यानं होणार नव्हतं.

तिच्या आधी हाइन्रिक या जर्मन गिरणीवाल्याची पाळी झाली होती. त्याच्या विजारीच्या बटणांवर इंग्लंडचा मुकुट निघाला. साहेबांनी कात्री मागवून सगळी बटणं कापून घेतली. बिचाऱ्यानं एका हातानं विजार धरून दुसऱ्या हातानं शपथ घेतली, आणि तो मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला. त्याच्याकडे बघता बघता हनोराचं डोकं चालू लागलं.

“साहेब, शपथ घेताना परदेशी राजाची एखादी वस्तू हाताला लागली तर?”

“तर शपथ खोटी! मग ते बटण का असेना!”

“कोणाचीही शपथ?”

“कोणाचीही! माझीसुद्धा!”

“मग या पुस्तकावर मला हात ठेवता यायचा नाही.”

“काय? पवित्र ग्रंथाला नकार?”

“ग्रंथाला नाही हो! मागच्या हिवाळ्यात याची शिवण उसवली, तेव्हा मीच बांधून दिलाय. पान न् पान माझ्या हाताखालून गेलंय. कारकूनसाहेब, सुरुवातीचं पान जरा मोठ्यानं वाचा बरं!”

कारकून वाचू लागला आणि त्याचा आवाज बसत गेला. ग्रंथ लंडनहून आलेला. सुरुवातीलाच इंग्लंडच्या एका जुन्या राजाची पानभर आरती! गावानं खानावळीच्या पाटीवरचा मुकुट खरवडला होता, रस्त्यांची नावं बदलली होती. पण हे पुस्तक उघडून बघायचं कोणालाच सुचलं नव्हतं.

“माझी बटणं परत द्या!” हाइन्रिक मागून ओरडला.

हनोरानं पिशवीतून कागद कापायची सुरी काढली. “हे पान कापू का, साहेब? बटणांसारखं?”

“खबरदार! ग्रंथाला पातं लावशील तर!”

“मग यावर हात ठेवलेली सगळी माणसं, अगदी तुम्हीही, अजून राजाचीच?”

“मुळीच नाही! तो राजा नुसता पानावर आहे! आमच्यावर त्याचा हुकूम चालत नाही!”

“तसेच पोप माझ्या जपमाळेपाशी आहेत, साहेब! कोल्डवेलच्या कायद्यावर त्यांचा हुकूम चालत नाही. तुमचं पान शाबूत, तर माझी माळही शाबूत!”

साहेबांचे गाल लाल झाले, मग थरथरले, आणि ते असे हसत सुटले की डोक्यावरचा केसांचा टोप कानावर आला. त्यांनी स्वतःच्या हातानं शपथेतला पोपचा उल्लेख खोडला. हनोरानं पुस्तकावर हात ठेवून उरलेली शपथ खणखणीत आवाजात घेतली.

“हनोराबाई, घर तुमचं!” साहेब डोळे पुसत म्हणाले. “पण या पानावरच्या राजाचं काय करायचं? दुसरं पुस्तक मागवू?”

“कशाला, साहेब? राहू द्या त्याला आत! त्याच्याच डोक्यावर हात ठेवून माणसं रोज सांगतात, ‘आम्ही राजाला सोडलं!’ ऐकू दे की त्याला!”

पुन्हा हसता हसता साहेबांना ठसका लागला. कचेरीतली सगळी दप्तरं बांधायचं काम त्यांनी तिथल्या तिथे हनोराला देऊन टाकलं.

“आणि सुई-दोरा आणलाच असेल,” ते म्हणाले, “तर आधी त्या हाइन्रिकची बटणं लावा! बिचाऱ्याला दोन्ही हातांनी टाळ्या वाजवायच्या आहेत!”