धुरींचे बेडूक

“...आणि पेनड्राइव्ह लावल्या लावल्या पहिलं काय करते तुझी व्यवस्था?”

काणेकर सरांनी हे विचारलं आणि ऋताचा चेहरा उजळला. याच प्रश्नाची ती सकाळपासून वाट बघत होती.

“दुरुस्ती! सर, कीबोर्डला हातसुद्धा लावायचा नाही. पेनड्राइव्ह लावला, संगणक सुरू केला, झालं!”

पेनड्राइव्हमध्ये तिने स्वतः बांधलेली लिनक्सची लाइव्ह व्यवस्था, म्हणजे संगणक चालवणारी ऑपरेटिंग सिस्टिम, होती. संगणक बंद पडला की ती लावायची. मग तो आपल्या हार्ड डिस्कवाचून, पेनड्राइव्हच्याच जोरावर उठायचा. खेळ, गाणी, नक्षीकाम तिने कापून टाकलं होतं. त्या जागी डिस्क तपासणारी, हरवलेल्या फाइली शोधणारी, नेटवर्क चाचपणारी हत्यारं भरली होती. सुरू होताना पडद्यावर सोनेरी अक्षरं यायची : ‘धन्वंतरी. रचना : ऋता गवस’.

“सोनं जरा जास्त झालंय,” सर म्हणाले.

“तेवढं असू दे ना, सर.”

सावंतवाडीत सरांच्या पडवीत शिकणाऱ्यांना एक दंडक होता. आपली पहिली व्यवस्था दुसऱ्याच्या आजारी मशिनला लावायची ती सरांसमोर, आणि मशिनच्या मालकासमोर. मालक नसेल तर मशिनला हात नाही.

आज समोर मालिनीबाई धुरी बसल्या होत्या. मांडीवर जुना संगणक, चादरीत गुंडाळलेला.

त्यांचे यजमान वनखात्यात होते. आंबोलीच्या रानात हिंडून त्यांनी आयुष्यभर बेडकांचे आवाज टिपले होते. मागच्या वर्षी ते गेले.

“सगळे बेडूक ह्यातच असत,” मालिनीबाई म्हणाल्या. “दुसरीकडे खय ठेवलेले नाय.”

सरांनी तो चादरीतून काढून टेबलावर ठेवला, पडदा जोडला आणि सुरू केला. आतून आवाज आला. टक्... टक्... टक्...

सरांनी लगेच बटण दाबून तो बंद केला.

“डिस्क शेवटाला आलीय!” ऋताच्या आवाजात आनंदच होता. “सर, धन्वंतरीला याहून चांगला पेशंट मिळणार नाही!”

“दुरुस्ती कशी करते?”

“डिस्कवरच्या नोंदी ताडून बघते. चुकलेलं सुधारते, परत तिथेच लिहिते.”

“आणि जुळतच नाही ते?”

“काढून टाकते.”

“विचारून?”

“विचारायचं कशाला? आपोआप! तीच तर गंमत आहे.”

सरांनी पेनड्राइव्ह उचलला आणि मालिनीबाईंच्या हातात ठेवला.

“वहिनी, तुम्ही लावा.”

मालिनीबाईंनी तो पदराला पुसला. मशिनची खाच बोटाने चाचपली. मग ऋताकडे वळल्या.

“गो बाय, ह्या लावल्यार ह्येंचा काय पुसला जाणार नाय मां?”

ऋताने तोंड उघडलं. ‘नाही’ हा शब्द जिभेवर तयार होता...

पण जुळणार नाही ते धन्वंतरी काढूनच टाकणार होती.

मालिनीबाई वाट बघत होत्या. सर छपराकडे बघत होते.

“काकी...” ऋता म्हणाली. “तो इकडे द्या.”

ती आपल्या लॅपटॉपवर अशी वाकली की मालिनीबाईंनी पुढे केलेली घावणं तिला दिसलीच नाहीत. ती सरांनी संपवली.

आपोआप दुरुस्ती तिने मुळासकट उपटली. डिस्क फक्त वाचायची, तिच्यावर एक अक्षर लिहायचं नाही. वाचता येईल ते सरांनी शेजारी जोडून दिलेल्या नव्या डिस्कवर उतरवत जायचं. एखादी जागा अडली तर तिथे झटापट नको. पुढे जायचं, बाकीचं हाती लागल्यावरच मागे वळायचं. एवढं करून तिने सगळी व्यवस्था पुन्हा बांधली.

उन्हं कलली तेव्हा पेनड्राइव्ह पुन्हा मालिनीबाईंच्या हातात आला.

“लावा, काकी.”

“आता काय पुसला जायत?”

“नाही. आता हिला पुसताच येत नाही.”

टक्... टक्... पडद्यावर किती वाचून झालं ते दाखवणारी एक रेघ सरकू लागली.

“चालतेय! सर, चालतेय! काकी, बघा!”

रेघ थांबली.

तिघंही पडद्याकडे वाकली...

रेघ पुढे गेली. ऋताने टाळी वाजवली आणि जीभ चावली. मालिनीबाई रेघेला हळूच बजावू लागल्या, “चल गो... चल...”

रेघ टोकाला पोचली. ऋताने अडलेल्या जागांकडे वळायची आज्ञा दिली. त्याच वेळी जुनी डिस्क एकदा करकरली आणि कायमची गप्प झाली.

“थोडं राहिलं, सर.” ऋताने उतरलेल्या फाइलींची यादी खालपर्यंत चाळली. “पण बाकीचं आलं. आलं सगळं!”

तिने नव्या डिस्कवरची एक फाइल उघडली.

आधी खरखर. मग दबक्या आवाजात एक माणूस बोलला, “आंबोली. वरचो ओहोळ. गप रव गो जरा...”

आणि पडवीभर बेडूक सुरू झाले.

“तां माकाच सांगत होते,” मालिनीबाई म्हणाल्या. “मी खोकत होतंय ना.”

त्या हसल्या. मग पदर तोंडाशी धरून तशाच बसून राहिल्या.

ऋताला खुर्चीत बसवेना. “सर, हिच्यात आता अजून काय घालू? फोटो वाचवणारं एक हत्यार आहे, बिघडलेले व्हिडिओ सांधणारं एक...”

सरांनी ओठांवर बोट ठेवलं.

“श्... तो लांबचा बेडूक आत्ता कुठे बोलायला लागलाय.”