डोलीवालीचे गुडघे

एकदा एका डोंगराच्या पायथ्याशी एक म्हातारी राहत होती. उभ्या आयुष्यात तिनं सायकलच्या पॅडलवर पाय ठेवला नव्हता, तरी त्या मुलखातले सायकलवाले शर्यतीआधी तिच्याच अंगणात येऊन बसत. सायकल तिला कळत नव्हती. डोंगर कळत होता.

नाव तिचं ठकूआजी. डोंगराच्या खिंडीत देवीचं ठाणं आहे. ज्यांना चढवत नाही त्यांना डोलीत बसवून वर न्यायचं आणि सुखरूप खाली आणायचं, हे तिच्या घरचं पिढीजात काम. डोली म्हणजे एक जाड बांबू, त्याला टांगलेली खुर्ची, पुढं एक खांदा, मागं एक खांदा. नवरा गेला आणि मागचा खांदा रिकामा पडला, तो हिनं भरला. बाईच्या खांद्यावर डोली बघून लोक हसले. पुढं त्याच लोकांनी आपापल्या आया तिच्या डोलीत बसवल्या. हसणाऱ्यांचं असंच असतं.

तिची एक शिष्या होती, वेणू. मेंढपाळाची लेक. पिंढऱ्या अशा, की दगडाला ठेच लागावी. चढाला श्वास कुठं घ्यायचा, वळणावर अंग कुठल्या बाजूला झुकवायचं, हे सगळं तिला आजीनं शिकवलेलं.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी आसपासच्या गावांची सायकल शर्यत होते. पायथ्याच्या पारापासून निघायचं, रानातल्या दगडधोंड्यांच्या वाटेनं खिंडीत चढायचं, देवीला वळसा घालून त्याच वाटेनं पाराशी परत यायचं. एका गावाचा एकच स्वार. आणि ज्या सायकलवर निघाला, तीच सायकल घेऊन परत आला पाहिजे. खिंडीपर्यंत पलीकडून डांबरी सडक येते, म्हणून गर्दी, ढोल, फोटोवाले, सगळं वर. वेणू दरसाल खिंडीत पहिली पोचायची आणि टाळ्यांनी डोंगर दणाणायचा. मग उतरण लागली की तिची जुनी सायकल दगडांवर अशी नाचायची की मागचे एकेक करून पुढं निघून जायचे. गेल्या साली तर ती शिळांच्या पायऱ्यांवर पालथी पडली आणि सायकल खांद्यावर घेऊन खाली आली. गावकीनं तोंडावर सांगितलं, अजून एकच साल, मग दुसरा स्वार बघू. त्यात एक जण म्हणाला, चढायचं तेवढं बाईला जमतं, उतरायला काळीज लागतं. घासात आलेल्या खड्यासारखं ते वाक्य वेणूच्या दाताखाली राहिलं.

अशात तालुक्याच्या सायकलवाल्या शेठनं जाहीर केलं, की या गावच्या स्वाराला माझ्या दुकानातली पाहिजे ती सायकल शर्यतीआधीच बक्षीस. अट एवढीच, एकदाच निवडायची, आणि निवडली की बदलून मिळायची नाही. सायकलवर दुकानाचं नाव असणार होतं. शेठ धर्मात्मा नव्हता. खिंडीतली गर्दी त्यानंही पाहिली होती.

वेणू दुकानात गेली. शेठनं दोन सायकली पुढं काढल्या. एक इतकी हलकी, की एका हातानं उचलावी. पुढच्या चाकाला धक्के झेलणारा शॉक, मागं काही नाही. दुसरी नुसती म्हैस. पुढंमागं दणकट शॉक, उतारावर धोंड्यांवरून लोण्यावरून गेल्यासारखी जाईल, पण चढाला ढकलत न्यावी लागेल. शेठ म्हणाला, ताई, चढ तुमचाच आहे, हलकी घ्या, खिंडीत तुम्ही इतक्या पुढं असाल की फोटोत दुसरं कोणी दिसणारच नाही. वेणूला ते पटलं. पटायला इतकं सोपं काहीच नसतं, जितकं आपल्या गुणाचं कौतुक. तिनं मनाशी मांडलं, की वर एवढी आघाडी घ्यायची की खाली रखडत आलं तरी चालेल.

शेठला उद्या सांगते म्हणून ती उठली आणि आजीला विचारायला आली. विचारायला कसली, सांगायलाच.

आजी उंबऱ्यात बसून वाल सोलत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "उद्या सकाळी ये. दुकानात जायच्या आधी मला देवीला न्यायचंय. मागचा खांदा तुझा."

सकाळी डोली निघाली. पुढं कोंडिबा, आजीच्या दिराचा मुलगा, वीस वर्षांचा मुरलेला डोलीवाला. मागं वेणू. मध्ये आजी, पदर खोचून, राणीसारखी. चढाला मागच्या खांद्यावर ओझं येतं, ते वेणूला ठाऊक होतं आणि मनातून आवडलंही होतं. ती दणादण पावलं टाकू लागली. प्रत्येक पावलाला तिचे गुडघे लचकत आणि डोली पाळण्यासारखी वरखाली होई.

आजी न वळता म्हणाली, "पाळणा हलवतेस होय गं? मी काय तान्ही आहे?"

कोंडिबा पुढून हसला. म्हणाला, काकी, पोरगी जोरात आहे. आजी म्हणाली, जोर डोलीला वरखाली करण्यातच चाललाय, डोंगर चढायला उरायचा नाही. मग वेणूला सांगितलं, की चढाला गुडघा उडू द्यायचा नाही, आवरून धरायचा. वेणूनं तसं केलं, आणि तिचं तिलाच नवल वाटलं. तोच चढ, तेच ओझं, आणि दम मात्र पुरू लागला.

खिंडीत डोली उतरवली. देवीपुढं नारळ फुटला. वेणूचा ऊर भरून आला होता. कधी नव्हे ते गुरूला आपल्या खांद्यावर आणलं होतं. ती आजीच्या पायांवर वाकली, तर म्हातारीनं पाय लुगड्यात ओढून घेतले.

"वर नाही," ती म्हणाली. "डोलीवाल्यानं वर नमस्कार घ्यायचा नसतो आणि करायचाही नसतो. आमच्यात रीत आहे. माणूस त्याच्या दारात उतरला, की मग."

वेणूला ते लागलं. ती डोली उचलायला वळली, तर आजी खुर्चीजवळ उभी राहून म्हणाली, "बस आत."

वेणूला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पण म्हातारीनं पदराची चुंबळ करून खांद्यावर घेतली होती आणि मागच्या टोकाशी जाऊन उभी राहिली होती. वेणू खालमानेनं म्हणाली, आजी, लोक काय म्हणतील, तुमच्या खांद्यावर मी बसू? आजी म्हणाली, लोक माझ्या ओळखीचे आहेत, त्यांनी काय म्हणायचं ते मागंच म्हणून झालंय. कोंडिबानं डोळ्यानंच खूण केली, की बस, म्हातारीपुढं चालायचं नाही. पिकल्या केसांची गुरू मागं बांबूखाली आणि धट्टीकट्टी शिष्या खुर्चीत. देवळातल्या बाया तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. वेणूला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

उतरण लागली. आणि वेणूला आयुष्यात पहिल्यांदा कळलं, की उतरताना आपल्या पिंढऱ्या काही कामाच्या नसतात. खाली दरी, हातात नुसता बांबू. तिची नजर पुढं कोंडिबाच्या पायांवर खिळली. प्रत्येक धोंड्यावर पाय टेकायचा तो गुडघा वाकवूनच, आणि धोंड्याचा धक्का त्या गुडघ्यातच मुरायचा, वर यायचाच नाही. मागूनही तसंच. डोली पाण्यावरच्या होडीसारखी चालली होती. शिळांच्या पायऱ्या आल्या, जिथं वेणू गेल्या साली पडली होती, त्याही तशाच गेल्या.

पायऱ्या संपता संपता, मागून काय झालं कोण जाणे, खुर्चीनं लाथ मारल्यासारखा हिसका दिला. वेणू उडून कोंडिबाच्या पाठीवर आदळली. सावरते तोच दुसरा हिसका. तिसऱ्याला तिनं किंचाळून डोली थांबवली. तिला वाटलं म्हातारीचा तोल गेला. मागं बघते तर आजी धडधाकट उभी, श्वास तेवढा चढलेला.

"काय झालं, आजी?"

"काही नाही. मी गुडघे ताठ धरले."

"मुद्दाम?"

"नाहीतर काय. चाळीस वर्षांत माझ्या डोलीतून माणूस उडालं नाही. आज तुला उडवलं."

तिनं डोली खाली ठेवायला लावली आणि धोंड्यावर बसून गुडघे चोळत ती बोलली ते असं.

"कोंडिबाचे वाकत होते ना? तरी तू उडालीस. पुढचा वाकला आणि मागचा ताठ राहिला, तर बसलेलं माणूस पुढच्याच्या मानगुटीवर जातं. तुझी ती हलकी सायकल तशीच आहे, पुढं गुडघा, मागं लाकूड. आणि ती म्हैस म्हणजे सकाळची तू. वाकते, झुलते, चढाला सगळा दम झुलण्यात घालवते. पोरी, चढताना तू सायकलला नेतेस. उतरताना सायकल तुला नेते. जी नेऊन घेते आणि नेतेही, तशी बघ. आमच्याकडे चढायचे गुडघे वेगळे आणि उतरायचे वेगळे नसतात. एकच जोडी असते. ती कधी आवरायची आणि कधी सोडायची, एवढं कळलं की झाली डोलीवाली."

मग म्हणाली, "आणि तुला सायकल निवडायची नव्हती. तुला टाळ्या निवडायच्या होत्या. त्या वर मिळतात. निकाल खाली लागतो."

पुढची वाट वेणू चालत उतरली, आजीला डोलीत बसवून, मागचा खांदा स्वतः घेऊन, गुडघे वाकवत.

दुपारी ती दुकानात गेली आणि शेठला म्हणाली, जिचे पुढचेमागचे दोन्ही गुडघे चढाला आवरता येतात आणि उताराला सोडता येतात, ती दाखवा. शेठला आधी काही उमगलं नाही. उमगल्यावर त्यानं नाइलाजानं कोपऱ्यातली एक धुळकट सायकल ओढून काढली. दोन्हीकडे शॉक, फार मोठे नाहीत, फार छोटे नाहीत. मागच्या शॉकला एक खटका. इकडं केला की शॉक आखडतो, तिकडं केला की मोकळा. हँडलवर बटण, ते दाबून अंगाचा भार टाकला की सीट खाली बसते. शेठ म्हणाला, ताई, ही चढाला हलकीच्या मागं राहील आणि उताराला दणकटीच्या मागं राहील. ही कशातच पहिली नाही, म्हणून तर पडून आहे.

"सायकलनं कशात पहिलं यायची गरज नाही, शेठ," वेणू म्हणाली. "पहिलं मला यायचंय."

शर्यतीच्या दिवशी व्हायचं तेच झालं. खटका आखडून ती नीट चढली, पण हलक्या सायकलवरचे दोघं तिच्या पुढं निघाले. खिंडीत वेणू तिसरी. ढोल दुसऱ्याच गावाच्या नावानं वाजत होते. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली केला. शेठनं तिच्याकडं पाठ फिरवली. आणि गर्दीतून तोच जुना आवाज आला, बघा, आता चढायचंही जमेना.

तिच्या डोक्यात भडका उडाला. देवीला वळसा घालून ती रागारागानं उतरणीला लागली, सगळं विसरून. पहिल्याच धोंड्यानं मागून लाथ घातली, हात हँडलवरून सुटता सुटता राहिला. डोलीतला हिसका तिला जसाच्या तसा आठवला. ताठ गुडघा. राग बाजूला ठेवून तिनं हात खाली नेला, खटका मोकळा केला, सीट खाली बसवली, आणि स्वतःचेही गुडघे सैल सोडले.

मग ती सायकल तिला घेऊन निघाली. धोंड्यांचे धक्के खालीच मुरत होते. पहिल्या वळणापलीकडे एक हलकीवाला पंक्चर काढत बसला होता. शिळांच्या पायऱ्यांशी दुसरा, ढोल ज्याच्या नावानं वाजले तो, सायकल हातानं धरून एकेक पायरी उतरवत होता. वेणू म्हणाली, दादा, बाजूला व्हा, आणि त्याच्या शेजारून पायऱ्या उतरून गेली. मागून म्हशीवरच्यांचा खडखडाट येत होता, पण त्यांना खिंडीत पोचायलाच इतका उशीर झाला होता की तो रानातच राहिला.

पाराशी कोणी नव्हतं. सगळं गाव वर. रेघेजवळ पंच झोपाळलेला, दोन शेळ्या, कोंडिबा आणि पारावर पाय सोडून बसलेली ठकूआजी. ना ढोल, ना फोटो. शेठ अजून सडकेच्या वळणांवर गाडी हाकत होता. पंचानं डोळे चोळून तिचं नाव पुकारलं, ते ऐकायला पंच धरून माणसं चारच.

वेणूनं सायकल पाराला टेकवली. तिला वाटलं होतं, आपण ओरडू, रडू. तसलं काही झालं नाही. नुसती मान आपोआप ताठ झाली, बस्स. ती आजीपुढं जाऊन उभी राहिली.

म्हातारीनं तिच्याकडं बघितलं, मग सायकलच्या त्या मोकळ्या खटक्याकडं बघितलं. आणि लुगडं जरा वर घेऊन तिनं आपले दोन्ही पाय पुढं केले.

बायांनो, आणि बाप्यांनो तुम्हीही, जिथं एकच निवडायचं असतं, मग सायकल असो, धंदा असो की जन्माची सोबत, तिथं एवढं विचारावं, हे मला माझ्या दारापर्यंत परत आणील का? खिंडीपर्यंत तर कुणीही नेतं.