तळ्याकाठची दोन पुस्तकं

“...मग यांतलं आधी कुठलं वाचायला घेऊ, बाबा?”

लोथे सरांनी दोन्ही पुस्तकं चबुतऱ्यावर ठेवली. फुलपाखरं आणि चतुरासारखे किडे कसे ओळखायचे, ते सांगणारी, चित्रांची. एक खिशात मावेल असं बारीक, दुसरं उशाला घेता येईल एवढं जाड.

कासमबाबा तळ्याकडे बघत होते. गावाबाहेरच्या या तळ्याकाठी, पिराच्या चबुतऱ्यावर हा फकीर कधीपासून बसतो, ते गावात कोणालाच सांगता येत नाही. भादव्याचं ऊन चढलं होतं आणि पाण्यावर चतुर भिरभिरत होते. एक बाबांच्या भुवईवर येऊन बसला. बाबांची पापणी लवली नाही.

सर आल्यापासून ती एकदाही लवली नव्हती. सरांच्या ते लक्षात आलं, पण त्यांनी मनावर घेतलं नाही.

सर मोठे पक्षीनिरीक्षक. जिल्ह्यातला एकही पक्षी आपल्या नजरेतून सुटला नाही, असं ते स्वतःच सांगत. आता डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. नजर कडांकडून मिटत चालली होती. समोर एक गोल उरला होता आणि तोही आवळत होता. उडता पक्षी त्या गोलात सापडेना, म्हणून सर जवळच्या, लहान जिवांकडे वळले होते. बुडत्याला काडीचा आधार, यांना फुलपाखराचा.

बारीक पुस्तकात नेहमीचीच नावं आहेत, त्यांनी सांगितलं. जाड्यात सगळी आहेत, पण शोधत बसायला डोळे हवेत.

“जे पहिलं घेईन तेच शेवटचं, बाबा. चुकून चालणार नाही.”

“कशाला हवं?” बाबा सगळ्यांशी असंच तुटक बोलत आणि सगळ्यांनाच अरेतुरे करत.

“ओळखायला.”

“आणि ओळखता आलं नाही तर?”

सरांनी जाड्या पुस्तकावरून हात फिरवला.

“तर मी उरलो कुठे?”

हयातभर ते बघत आले होते. बघण्यापलीकडे आपण कोणी आहोत, असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. त्यांना फार भीती वाटत होती.

बाबांनी दोन्ही पुस्तकं मिटून बाजूला सारली. मग सरांचे हात धरले आणि त्यांचेच तळवे त्यांच्या डोळ्यांवर ठेवले. बाबांची बोटं तळ्याच्या पाण्याएवढी गार होती.

“हलायचं नाही.”

“किती वेळ?”

“ही भीती जाऊन दुसरी येईस्तोवर.”

सर मनात हसले. वर्गात त्यांच्यासमोर हलायची कोणाची बिशाद नव्हती. मग स्वतः न हलण्यात काय अवघड?

...

आधी बेडकांचा आवाज होता. मग तो थांबला.

मग कोरडी फडफड ऐकू आली, कागदाची असते तशी. वाऱ्याने पुस्तकाची पानं उलटत असतील, असं सरांना वाटलं. पण वारा नव्हता, आणि पुस्तकं तर मिटलेली होती.

काहीतरी त्यांच्या बोटाच्या पेरावर बसलं. मग कानाच्या पाळीवर. मग मानेवर, केसांत, मनगटावर. जिथे बसलं तिथे नुसतं बसून राहिलं. चावलं नाही, चाललंही नाही.

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. उजवीडावीकडे, जिथलं त्यांना आता काहीच दिसत नसे, तिथून कोणीतरी आपल्याकडे टक लावून बघतंय, हे त्यांना स्वच्छ कळत होतं.

त्यांनी बोटं जराशी फाकवली.

उरलेल्या गोलात एक मोठा हिरवा डोळा होता, पापणी नसलेला. त्याच्यामागे दुसरा. त्याच्यामागे आणखी... तळं कुठे दिसतच नव्हतं.

“बाबा,” ते जेमतेम ओठ हलवून म्हणाले, “हे सगळे काय करतायत?”

पान उलटल्यासारखा तो कोरडा आवाज पुन्हा आला, या वेळी अगदी सरांच्या कानाशी.

“हलू नकोस,” बाबा म्हणाले. “तुला वाचतायत. त्यांचंही हे पहिलंच पुस्तक आहे.”