जास्तीची फाईल

"सगळंच डुप्लिकेट कसं असेल रे?" चिदंबरबुवांनी विचारलं.

"मी नाही म्हणत बुवा. स्क्रिप्ट म्हणतेय."

हा वल्लभ. पुण्याचा इंजिनिअर. चांगली नोकरी सोडून बुवांकडे भजन शिकायला आमच्या मठात आलेला. वर्ष झालं, पण 'बरं गायलास' एवढं काही बुवांच्या तोंडून निघालं नाही. शेवटी गडी रुसला. बॅग भरली. संध्याकाळच्या एसटीने निघायचं, ते परत न येण्यासाठी.

जाण्याआधी म्हणे, मठाचं एक काम करून जातो. भजनांच्या रेकॉर्डिंगनी कॉम्प्युटर गच्च भरला होता. त्याने एक शेल स्क्रिप्ट लिहिली. काय करायचं ते कॉम्प्युटरला ओळीने लिहून द्यायचं, मग तो मुकाट करतो, असं त्यानेच मला समजावलं. एकेक फाईल घ्यायची, सगळ्या फायलींशी ताडून बघायची, जुळली की जास्तीची म्हणून पुसायची.

"गाणं नाही जमलं, निदान हे तरी जमतं," हे मात्र तो बुवांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला. मी तिथेच वाती वळत बसलो होतो. असा राग आला म्हणता!

आता पडद्यावर प्रश्न उभा होता. सगळ्या पुसू का?

"त्यात आमच्या गुरुजींचा आवाज आहे," बुवा म्हणाले. "तेवढाच उरलाय..."

"दोनदा तपासलंय बुवा. प्रत्येक फाईलला जोड सापडलीय."

बुवा उठले. कोपऱ्यातला तांब्या आणून त्यांनी वल्लभपुढे ठेवला.

"याच्यासारखा आणखी एक आहे का इथे?"

"नाही."

"नीट बघ की. हा..." बुवांनी तांब्यावर बोट ठेवलं. बोट उचललं, पुन्हा तिथेच ठेवलं. "आणि हा. सारखे आहेत ना?"

"अहो, तो तोच आहे!"

"पण सारखा आहे ना? मग जास्तीचा झाला."

बुवांनी तांब्या उचलला आणि खिडकीबाहेर भिरकावायला हात मागे नेला.

वल्लभने झडप घालून त्यांचं मनगट धरलं. "बुवा, काय करताय! एकच तर आहे तो!"

बुवांचा हात तसाच वर...

वल्लभचा चेहरा उतरला. स्क्रिप्ट प्रत्येक फाईल सगळ्यांशी ताडत होती, आणि त्या सगळ्यांत ती फाईल स्वतःही होतीच. त्याने कपाळावर हात मारून घेतला आणि घाईघाईने 'नको' दाबलं.

मी फिसकन हसलो. बुवांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा वातींना लागलो.

वल्लभने स्क्रिप्टमध्ये एक ओळ घातली. स्वतःला सोडून बाकीच्यांशी ताड. पुन्हा चालवली.

"किती निघाल्या?" बुवांनी विचारलं.

"एकच जोडी."

त्याने वाकून नाव वाचलं, पुन्हा वाचलं.

त्याचंच रेकॉर्डिंग होतं. कार्तिकात पहिल्यांदा एकट्याने म्हटलेलं भजन. अंतऱ्याला सूर पार सटकला होता, आणि त्या दिवशी लाजेने तो पंगतीलाही बसला नव्हता. एक प्रत मठाच्या फोल्डरमध्ये होती. दुसरी, बुवा रोज पहाटे जे ऐकतात त्या फोल्डरमध्ये. तिथे एरवी फक्त गुरुजींचा आवाज असतो.

"ही इथे कुणी ठेवली?"

बुवा उपरण्याने तांब्या पुसत बसले.

"बुवा... ही तर खरंच जास्तीची आहे." पोराने बटणावर बोट ठेवलं. "पुसू?"

बुवांनी त्याचं बोट हलकेच बाजूला केलं.

"एक मठाची," ते म्हणाले. "एक माझी."