दक्षिणेचं ऊन

आबासाहेब खराड्यांचा शब्द घरात कुणी खाली पडू देत नसे, आणि तो शब्द नेमका नको तिथे आडवा यायचा.

पौषातली थंडी. बंबाच्या धुरानं सासूबाईंचा दमा उसळला, म्हणून सून मृदुलानं सौरबंब मागवला. घर जुनं कौलारू, कौलांना वजन पेलेना. फिटर कांबळे सकाळपासून चढउतार करून वैतागले होते. अखेर न्हाणीवरच्या स्लॅबवर जागा मिळाली. ते म्हणाले, "ऊन घेणारी ही काचेची पाटी दक्षिणेकडे तोंड करून बसवतो."

"दक्षिण यमाची दिशा," आबासाहेब गरजले. "पाटी उत्तरेकडे वळवा."

"मग हिवाळ्यात पाणी तापणार नाही, साहेब."

"मला शिकवू नका."

कांबळ्यांनी घड्याळ पाहिलं. तासाभरात पुढच्या गावी जायचं होतं, मग थेट महिन्यानं फेरी. आत सासूबाईंची ढास थांबेना.

मृदुला तरातरा परसात गेली. दक्षिणेच्या त्या परसात आबासाहेब रोज नऊ ते बारा ऊन खात बसत. तिनं त्यांची आरामखुर्ची उचलली आणि उत्तरेच्या ओट्यावर नेऊन ठेवली.

"खुर्ची कुठाय, सूनबाई?"

"उत्तरेला ठेवलीय, मामंजी. चांगली दिशा आहे."

आबासाहेब ओट्यावर जाऊन बसले. पाच मिनिटांत शाल आवळत परतले.

"तिथं उन्हाचा कवडसा नाही. हुडहुडी भरली मला."

"पाण्याचंही तेच म्हणणं आहे, मामंजी."

आबासाहेब कांबळ्यांवर खेकसले, "बघत काय बसलात? आधी माझी खुर्ची जागेवर आणा. मग ती पाटी बसवा, दक्षिणेकडे."