काढायला एक माणूस पाहिजे!

तीन दिवस झाले, आप्पासाहेब नरंदेकरांनी कुणालाच कामावरून काढलं नव्हतं, आणि म्हणून त्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता!

कोल्हापुरात हे दुखणं नव्हतं. तिथल्या कारखान्यात रोज जेवणाआधी ते कुणाला तरी "चालता हो!" म्हणायचे, मग भाकरी जास्तीची खायचे आणि चहाच्या वेळेला त्याच माणसाला परत घ्यायचे. माणसंही सरावलेली. काढलेला गडी तेवढ्यात केस कापून यायचा! पण आता आप्पासाहेबांनी जर्मनीतल्या एका गावात पंपांचा कारखाना विकत घेतला होता. बाहेरदेशातून आलेल्या साहेबलोकांना इथले नोकरीचे कायदे शिकवायला ब्रिंकमान नावाच्या वकीलबाई रोज सकाळी वर्ग घेत. विद्यार्थी एकच, आप्पासाहेब. शेजारी दुभाषी म्हणून कोल्हापूरहून आणलेली केतकी मगदूम. कॉफीचं यंत्र फुसकारलं तरी दचकणारी पोरगी, पण जर्मन बोलायची फाडफाड.

"त्या फाटकावरच्या माणसाला काढतो!" चौथ्या दिवशी आप्पासाहेब गरजले. "मला, मालकाला, ओळखपत्र मागतोय!"

केतकीनं ते जर्मनमध्ये सांगितलं आणि बाईंचं उत्तर मराठीत आणलं. "बाई म्हणतात, ओरडून काढलेला माणूस इथं निघत नाही. कागद लागतो. त्यावर शाईची सही लागते."

"मोबाइलवरनं कळवतो की!"

"तेही चालत नाही, साहेब."

"मग आण कागद!"

"कागदाच्या आधी कामगारांच्या मंडळाला विचारायचं. त्यांना उत्तर द्यायला आठवडा मिळतो."

"आठवडा?" आप्पासाहेबांचे डोळे विस्फारले. "आठवडाभर राग ताजा कसा ठेवायचा गं? फ्रिजमध्ये?"

केतकीनं इमानदारीनं तेही भाषांतर केलं. ब्रिंकमान बाई जराही हसल्या नाहीत. "ठेवा," त्या म्हणाल्या, "पण डब्यावर कारण लिहून ठेवा. आणि ते कोर्टात टिकेल असं लिहा!"

आप्पासाहेबांनी टेबलावर मूठ आपटली. केतकी इतकी दचकली की हातातलं पेन उडून बाईंच्या कॉफीत पडलं.

"पोरी, बारा वाजता जेवण. अर्धा तास हाय. ह्या कारखान्यातला एक तरी माणूस दाखव, ज्याला मी उभ्या उभ्या काढू शकतो. कायदा न मोडता! न्हाई दाखवलास, तर संध्याकाळच्या विमानानं तू कोल्हापूरला!"

"साहेब, मग मलाच काढलंत की—"

"तू हितली कुठं? तू कोल्हापूरच्या हजेरीवरची. मला हितलाच माणूस पाहिजे!"

जर्मनीला निघताना केतकी गल्लीत पेढे वाटून आली होती. पाचव्या दिवशी बॅग घेऊन दारात उभी राहिली, तर आई काही बोलणार नाही, पण शेजारच्या सुलभाकाकू जन्मभर बोलतील!

तिनं कारखान्याची नावांची यादी मागवली आणि एकेका नावावर बोट ठेवत बाईंना विचारत सुटली. वेल्डर? नाही. माळी? नाही. परवाच लागलेला नवा मुलगा? दोन आठवड्यांची नोटीस, शिवाय मंडळाला विचारायचं. पुढचं नाव बाळंतपणाच्या रजेवरच्या बाईचं होतं. तिथं बोट जाताच ब्रिंकमान बाईंनी असे डोळे वटारले की केतकीनं चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

चौऱ्याऐंशी नावं संपली. बाराला पाच मिनिटं उरली. बाहेर उकडलेल्या बटाट्यांचा वास सुटला.

केतकी त्या कागदाकडे बघत बसली. वर कारखान्याचं नाव, मध्ये यादी, आणि अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, आणखी एक नाव. ती पुन्हा दचकली. या वेळी आनंदानं! बाईंच्या कानाशी लागून तिनं भराभर चार प्रश्न विचारले. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि मान डोलावली.

"सापडला, साहेब!"

"कोण?"

"त्याला हा कायदा लागू नाही. मंडळाला विचारायला नको. कारण द्यायला नको. मालकानं एक ओळ लिहून सही केली की त्याच घडीला पदावरून खाली!"

"वा! नाव सांग त्याचं!"

"आधी सांगा, या कंपनीचा मालक कोण?"

"मी! एकटा!"

"आणि संचालक?"

"मीच की! दुसऱ्यावर इस्वास कोण ठेवतो?"

"मग मालकसाहेब," केतकी म्हणाली, "संचालकाला काढा की!"

आप्पासाहेबांच्या मिशा थरथरल्या. केतकीनं डोळे गच्च मिटले. विमान तिला ऐकूसुद्धा यायला लागलं!

आप्पासाहेब उठले, खिडकीच्या काचेतल्या स्वतःसमोर उभे राहिले आणि कडाडले, "नरंदेकर! तीन दिवस वर्गात नुसता बसलायस! एक काम धड न्हाई! चालता हो!"

एक ओळ लिहिली, झोकात सही ठोकली, आणि पोट धरून असे हसले की फाटकावरचा माणूससुद्धा डोकावून गेला.

"बाई म्हणतात," केतकी हळूच म्हणाली, "पद गेलं, तरी करार संपेपर्यंत पगार चालूच राहतो."

"काम न्हाई आन् पगार चालू? लबाड हाय हो हा संचालक!"

त्या दिवशी आप्पासाहेबांनी बटाट्यांची तीन ताटं संपवली. मग तृप्त होऊन म्हणाले, "बाई, मंडळाला विचारा आन् ह्या पोरीचं नाव हितल्या हजेरीवर घाला. कायमचं! कुठं करू सही?"

"साहेब," केतकी म्हणाली, "सही संचालकाची लागते. त्याला तर तुम्ही आत्ताच काढलंत."

आप्पासाहेब पुन्हा हसत सुटले. तसेच उठून काचेसमोर गेले, हात जोडले आणि रडवेल्या आवाजात म्हणाले, "मालक, चुकलं. लेकरंबाळं हाईत!" मग छाती काढून स्वतःलाच उत्तर दिलं, "बरं, बरं, घेतलं परत! कर त्या पोरीच्या कागदावर सही. पण उद्या बाराला गाठ माझ्याशी हाय!"